तीन रात्री कणीक

रात्री दोन वाजता आंबेमोहोर शिजल्याचा वास.
शैलजा अर्धवट झोपेत म्हणाली,
या वेळी कोणी लावला भात?
मग डोक्यावरून काहीतरी धावलं,
उंदरापेक्षा जड, माणसापेक्षा हलकं,
आणि पोटमाळ्यावरची पितळी परात
एकदाच वाजली,
पानं वाढलीयत म्हटल्यासारखी.

सकाळी गच्चीच्या कठड्यावर विष्ठा.
तिच्यात चिकूच्या बिया,
धुऊन पुसून ठेवल्यासारख्या काळ्याभोर.
आमच्या गल्लीत चिकू फक्त आमच्याच दारात.
म्हणजे खाणंही इथलंच, राहणंही,
अकरा महिन्यांचा करार वगैरे काही न करता.

सल्ले फुकट मिळाले. सहकारनगरात मिळतातच.
पलीकडचे खळदकर म्हणाले, मिरच्यांची धुरी द्या.
इस्त्रीवाला म्हणाला, एक सुतळी बॉम्ब, बस.
मेहुणा म्हणाला, पिंजरा लाव
आणि ताम्हिणीत नेऊन सोड,
जशी काही तिथं त्याची मावशी राहते.

शेवटी प्राणी सोडवणारी एक मुलगी आली,
रेवा टिळेकर, स्कूटीवरून,
कपाळाला दिवा बांधून वर चढली
आणि बराच वेळ काही बोललीच नाही.
खाली आली ती कुजबुजतच.
उदमांजर आहे, काका. तीन पिल्लं.
डोळे आत्ता कुठे उघडतायत.
धुरी दिलीत तर आई पळेल, पिल्लं राहतील,
आणि आठवड्याने वास येईल
तो भाताचा नसेल.

मग करायचं काय?
थांबायचं, म्हणाली.

लाल सिग्नलला न थांबणाऱ्या या शहरात
मला हा उपाय नवीन होता.

थांबलो. सात आठवडे.
आकाशकंदिलाचं खोकं वर होतं, ते वरच राहिलं.
शैलजाने दुपारचा मिक्सर बंद केला, चटणी पाट्यावर.
खळदकर रोज फाटकाशी: गेलं का?
मी: नाही, पिल्लं आता खेळतात.
त्यांच्या चेहऱ्यावरून वाटायचं
धुरी आता मलाच द्यावी.

मग रेवाने माळ्यावर एक बल्ब लावून दिला,
शेजारी ट्रान्झिस्टर, कांद्याचे बाजारभाव सांगणारा,
कोणी घाबरू नये इतका बारीक,
कोणाला दिवसा झोप लागू नये इतका मोठा.

चौथ्या रात्री गच्चीत खुर्ची टाकून बसलो, टॉर्च विझवून.
कौलांखालच्या फटीतून आधी मिशा आल्या.
मग ती, लांब शेपटीसकट, काहीही घाई नसलेली.
मागून एक. मागून दुसरं.
तिसरं येईना.
ती परत आत गेली,
ट्रान्झिस्टर बोलतच होता,
आणि मानगुटीला धरून त्याला घेऊन आली,
पाय लोंबत होते, डोळे माझ्याकडे.
मी उगाचच नमस्कार केला. अंधारात कोणी बघत नव्हतं.

सकाळी रेवाने कोपरा न् कोपरा तपासला,
परातीखालीसुद्धा.
फटीला पत्र्याची झडप बसवली,
आतून ढकललं तर उघडणारी, बाहेरून नाही.
झडपेपुढे कणीक पसरली. आता बघायचं, म्हणाली.

पहिल्या रात्री पाच बोटांचे ठसे
झडपेपर्यंत आलेले, तिथं थोडे गिरवलेले,
लहान मुलाने पिठात हात घातल्यासारखे,
आणि वळलेले.
दुसऱ्या रात्री आले, पण थांबले नाहीत.
तिसऱ्या रात्री कणीक होती तशीच.
शैलजा त्या कोऱ्या पिठाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली,
मग म्हणाली, आता जाळी मारून घ्या.

मारली. चिकूची कौलांवर आलेली फांदी उतरवली.
कंदिलाचं खोकं खाली आलं,
त्याचा एक कोपरा चावलेला. तो तसाच टांगला.

परवा रात्री दोनला फोन वाजला.
खळदकर.
अहो, झोपलात का? नाही, म्हटलं विचारावं,
तुमच्याकडे भात लावलाय का कोणी?

मी उठून बसलो.
त्यांना पाण्याच्या टाकीवरचं त्यांचं छप्पर आठवलं नसावं.
म्हटलं, खळदकर, नंबर देतो, लिहून घ्या.
आणि मिरच्या
डब्यात राहू द्या.